तणाला काही होत नाही

१

हिंजवडीत राहून हडपसरला नोकरीला जाणाऱ्या माणसाची पुण्यात कोणी कीव करत नाही. ‘घर बदला’ म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. माझा नवरा सुदर्शन हिंजवडीतल्या एका कंपनीत, घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. माझी प्रयोगशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शेतकरी रोगट पानं, मुळं आणून देतात आणि आम्ही रोग ओळखून देतो, असं ते काम. नवराबायकोपैकी ज्याचा पगार मोठा त्याच्या ऑफिसजवळ घर घ्यायचं, हा नियम कुठे लिहिलेला नसतो पण सगळीकडे पाळला जातो. त्यामुळे रोज बसमध्ये मी.

आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, म्हणजे भाताच्या मुलखातले. पुण्यात आमच्या ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ला लोक हसतात, आणि हसून झालं की विचारतात, ‘तुमच्याकडे फार ऊन ना?’ आमची चार वर्षांची साई मात्र ‘करतीये’ म्हणते. ती इथली झाली, याचं मला बरंही वाटायचं आणि वाईटही.

आम्ही रंगरावांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. रंगराव मूळ हिंजवडी गावातलेच. गावाच्या जमिनी बिल्डरांकडे गेल्या, त्यांच्याही गेल्या, पण बंगल्यामागचं भाताचं एक खाचर त्यांनी विकलं नव्हतं. त्यात आंबेमोहर लावायचे. नव्या तांदळाचा नैवेद्य शिवेवरच्या देवाला गेला पाहिजे आणि तो घरच्याच मातीतला पाहिजे, एवढ्यासाठी. तीन बाजूंना काचेच्या इमारती, चौथ्या बाजूला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. साईला बालवाडीत सोडलं की मी त्या खाचराच्या बांधावरून बसस्टॉप गाठायचे.

बांधाच्या एका कोपऱ्यात गवत माजलेलं असायचं. बाकी बांध तासून स्वच्छ, तेवढा कोपरा मात्र कंबरेएवढा. त्यात भातासारखंच दिसणारं पाखड होतं, हरळी होती, आणखी काही होतं. माझी नजर कामाचीच. जाता जाता पानं बघायचे, पानांवरचे ठिपके बघायचे आणि बस चुकेल म्हणून पुढे जायचे.

श्रावणात एकदा रंगरावांनी मला बांधावर अडवलं.

“म्याडम, तुम्ही भाताच्या डॉक्टर ना? मग आमच्या भाताकडं बघा की. दर साली लोंबी बाहेर पडली की मान टाकतीय. हातात निस्तं फोल. यंदा नैवेद्याला तरी तांदूळ पायजेल.”

मी म्हटलं, “करपा आहे, रंगराव. बुरशी. पीक नसतं तेव्हा ती त्या कोपऱ्यातल्या गवतावर राहते. तुम्ही भात लावलात की तिथून भातावर येते. आधी ते गवत काढा.”

“गवतावर हाय, मग गवत कसं मरत न्हाई?”

“तणाला काही होत नाही. थोडे ठिपके पडतात. ते रोग फक्त सांभाळतं.”

रंगराव कोपऱ्याकडे बघत राहिले. “त्या गवताला आमच्या घरातलं कुनी हात लावत न्हाई.”

“का बरं?”

“पद्धत हाय.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “तुम्ही काढा की. तुम्ही कुठं आमच्यातल्या?”

इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहत होतो. त्यांच्या घरातल्या प्रत्येक तापाला, प्रत्येक बारशाला धावले होते. पण ‘आमच्यातल्या’ नव्हते. ते वाक्य मला लागलं, आणि लागलं म्हणूनच असेल, मी हो म्हटलं.

२

रविवारी सकाळी मी हातमोजे घालून कोपऱ्यात उतरले. पाखडाच्या पात्यांना धार असते. मोजे लगेच फाटले, मग मी नुसत्या हातांनी उपटायला लागले.

प्रत्येक पातं ठिपक्यांनी भरलेलं होतं. मधे राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. पुस्तकात या ठिपक्यांचं वर्णन ‘डोळ्याच्या आकाराचे’ असंच दिलेलं असतं. त्यात काव्य काही नाही. इतके ठिपके असलेलं पातं वाळलेलं तरी असायला हवं होतं. हे हिरवंगार होतं, तजेलदार, लहान मुलासारखं टवटवीत.

मुळं सहज सुटून येत होती. चिखल गार होता आणि मुळं कोमट होती. कुजणाऱ्या पाल्यात ऊब तयार होते, हे मी शिकलेय. तरी दोनदा हात मागे घेतला.

खालच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दुर्गाबाई, रंगरावांची बायको, हाका मारत होत्या. “पोरी, नको गं. ऱ्हाऊ दे ते. भात नसला पिकला तर नसला.”

“आत व्हय तू,” रंगराव मागच्या अंगणातल्या ओट्यावरून ओरडले. ते ओट्यावरच उभे होते, कोपऱ्यापासून लांब. त्या दिवसापासून ते माझ्याशी लांबूनच बोलायला लागले, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

दुर्गाबाई आत गेल्या नाहीत. काम झाल्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या हातांवर घातलं, चिरा पडलेले तळवे स्वतःच्या हातांनी धुतले, हळद भरली. माझ्या आईनेही इतक्या मायेने माझे हात कधी हातात घेतले नसतील. गवत मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन जाळलं. धूर वर गेला नाही, जमिनीलगतच पसरला. ढगाळ हवेत असं होतं.

दुसऱ्या दिवशी बांधावरून जाताना भात पलीकडे झुकलेला दिसला. माझ्या बाजूचा सगळा भात माझ्यापासून लांब. वारा, मी म्हटलं. मग गालावर वारा लागला, तो समोरून येत होता.

३

भात असा आला की विचारू नका. ना ठिपका, ना करपा. लोंबी बाहेर पडली तरी मान ताठ. आयटीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत येऊन फोटो काढायला लागली. रंगरावांनी सगळ्या भावकीत सांगितलं, “म्याडमच्या हाताला यश हाय.” मग काय, रोज कोणाच्या तरी घरी चहा. माझी तुळस बघ, माझा मोगरा बघ, माझ्या नातीच्या डोक्यावर हात ठेव. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा कोणाला तरी मी हवी होते. मला ते आवडलं, हे खोटं कशाला सांगू?

दुर्गाबाई रोज संध्याकाळी वर यायच्या. माझ्याशी बोलत भाजी निवडायच्या, मी त्यांच्या खांद्याला बाम चोळून द्यायचे. एक दिवस त्या मान डावीकडे टाकून बसलेल्या दिसल्या.

“मान अवघडली का?”

“न्हाई गं. बरं वाटतंय असं.”

मी सरळ करून दिली. सोडली तशी ती पुन्हा पडली, पण जडपणे नाही. वजन नसलेली वस्तू पडावी तशी. दुखतं का, विचारलं तर म्हणाल्या, नाही. डॉक्टरकडे जाऊ, म्हटलं तर म्हणाल्या, जाऊ. कधी, म्हटलं तर म्हणाल्या, जाऊ. एरवी ही बाई माझ्या एका प्रश्नाला सात पिढ्यांचा इतिहास सांगायची.

त्यांच्या पदराखाली, मानेवर, केस संपतात तिथे एक काळपट पट्टा होता. वय झालं की असं होतं. मधुमेहातही होतं. मी बाम लावला.

आणि त्या निघून गेल्यावर मला जाणवलं की त्या बसल्या होत्या तेवढा वेळ खोलीत बारीक सळसळ चालू होती. पंखा बंद होता.

४

सुदर्शनची मान उजवीकडे गेली. त्याने हसण्यावारी नेलं. “अगं, टेक्स्ट नेक म्हणतात याला. अर्धी हिंजवडी अशीच फिरून राहिली. तू बसमध्ये बघ ना.”

मी बघितलं. खरंच होतं. कंपनीच्या बसच्या प्रत्येक खिडकीत एक वाकलेली मान, प्रत्येक मानेखाली एक उजळलेला मोबाईल. सिग्नलला स्कूटरवरचे, पाणीपुरीच्या गाडीवरचे, लिफ्टमधले. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. रोगाला कारण सापडलं की माझ्यासारख्या माणसाला अर्धं बरं वाटतं.

डॉक्टरांनी मानेला घालायचा पट्टा दिला. तो घालून सुदर्शन ऑफिसला जायला लागला.

एका शनिवारी दुपारी मी बाजार घेऊन घरी आले, तर तो गॅलरीत खुर्चीवर बसलेला. पट्टा काढून ठेवला होता. मान उजव्या खांद्यावर. मला वाटलं, मोबाईल बघतोय. पुढे गेले. दोन्ही हात मांडीवर उपडे होते आणि मोबाईल आत चार्जिंगला लावलेला होता. तो काहीच बघत नव्हता. वाऱ्याची झुळूक आली की डोकं थोडं हलायचं, थांबायचं.

“सुदर्शन, काय करून राहिला?”

“बसलो.”

“काही होतंय का तुला?”

“नाही.”

“मला सांग ना रे.”

“सांगतो.”

सांगितलं काहीच नाही. भांडण करणारा, टोमणे मारणारा, क्रिकेटच्या नावाने शिव्या घालणारा माझा नवरा विचारलं तेवढंच बोलायला लागला. आवाज तोच, शब्द तेच. साल शाबूत असलेला आणि आत दाणा नसलेला भात दिसायला भातच असतो. सुपात पाखडला की कळतं.

५

साई सोफ्यावर झोपली होती. तिला उचलून आत न्यायला मी वाकले, नेहमीचा जोर लावला आणि मागे पडता पडता वाचले. हातात काही नव्हतं. म्हणजे साई होती, तिचा फ्रॉक होता, ओठांवरची दुधाची मिशी होती. वजन नव्हतं.

मी तिला तशीच धरून उभी राहिले. तिचं डोकं माझ्या कोपरावरून मागे लोंबकळलं. तिच्या श्वासात ती सळसळ होती.

सकाळी आंघोळ घालताना तिच्या मानेवर ठिपका दिसला. मधे राखाडी, कडेला तपकिरी, दोन टोकांना निमुळता. मी ओरडले नाही. चिकटपट्टी आणली, ठिपक्यावर दाबली, डबीत घालून प्रयोगशाळेत नेली.

करप्याचे बीजाणू ओळखायला सोपे असतात. लांबट, एका टोकाला फुगीर, आत तीन कप्पे. नवशिक्यालाही ओळखता येतात. काचेखाली ते होते. ताजे होते.

हा रोग गवताच्या कुळातल्या वनस्पतींना होतो. माणसाला होत नाही, होऊ शकत नाही. मग बीजाणू कुठून आले? प्रयोगशाळेतूनच. दिवसभर रोगट पानं हाताळणारी मी, माझ्या हातांतून पट्टीवर आले. साधी गोष्ट. खात्री करायला मी साबणाने हात धुतले, स्पिरिटने पुसले आणि कोरड्या तळव्यावर नवी पट्टी दाबली.

मी पुष्कळ रोगट नमुने पाहिलेत. इतकं गच्च भरलेलं काही कधी पाहिलं नव्हतं. काचेवर मोकळी जागा नव्हती.

आरशात माझी मान ताठ होती. कातडी स्वच्छ, केस पूर्वीपेक्षा दाट. त्या महिन्यात सगळे मला म्हणत होते, नम्रता, किती छान दिसतेस.

६

आमच्या शास्त्रात संशय खरा की खोटा हे बघायची एक पद्धत आहे. संशयिताला बाजूला काढा, रोग थांबतो का बघा. परत आणून ठेवा, रोग परततो का बघा. पहिला अर्धा भाग जुळला तर तो योगायोग असू शकतो. दुसरा जुळला तर नसतो.

पहिला भाग आपोआप झाला. प्रयोगशाळेने मला नाशिकला कृषी प्रदर्शनात पाठवलं. आठवडाभराने परत आले तर साई जिन्यावरून धावत खाली आली आणि अशी अंगावर आदळली की माझ्या बरगडीत कळ आली. सुदर्शन वरून ओरडला, “ते पेढे आणले का? की विसरली? विसरलीच असशील!” त्याची मान सरळ होती. मी जिन्यातच बसले आणि रडले. आनंदानेच रडले. मग रडता रडता काय कळलं, ते मला कळायला नको होतं.

रात्री साई माझ्या कुशीत शिरली. “आई, गोष्ट सांग.” मी तिला दूर ढकलायला हवं होतं. पण एका आठवड्यावरून असा निर्णय घेतात का? योगायोग असला तर? मी घर, नवरा, पोर सोडायची ती काय एका योगायोगासाठी? मी तिला जवळ घेतलं. आई म्हणून घेतलं की दुसरा भाग करून बघायला घेतलं, हे मला विचारू नका. माझ्यातल्या दोघींनाही तेच हवं होतं.

दोन-तीन दिवसांत साईचं डोकं डाव्या खांद्यावर आलं.

“साई, दुखतं का गं?”

“नाही.”

“गोष्ट सांगू?”

“सांग.”

मी गोष्ट सांगितली. तिने मधे एकदाही ‘मग?’ म्हटलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात गेले. गवत परत लावता आलं तर बघायचं होतं. कोपरा उघडा पडला होता. पावसाळा नुकता सरलेला, सगळ्या बांधांवर हिरवं फुटलेलं, आणि तिथे मात्र एक काडी नव्हती. मी मुळशीच्या रस्त्यावरून तसंच पाखड मुळासकट आणून लावलं, पाणी घातलं. सकाळी ते पिवळं पडून आडवं झालं होतं. त्या गवतात जे राहत होतं, ते परत तिथे जायला तयार नव्हतं. आता त्याला राहायला मी होते.

भात कापून झोडून झाला. पौर्णिमेला देवाला नैवेद्य गेला आणि मागच्या अंगणात नव्या भाताची पंगत बसली. भर दुपार, मांडव, स्टीलच्या ताटांचा आवाज, पलीकडच्या इमारतीत कोणीतरी ड्रिल चालवत होतं. मला जायचं नव्हतं. पण सुदर्शन आणि साईला खाली नेऊन बसवलं होतं, म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. खाली उतरले नाही.

भावकीतली सगळी होती. जिची तुळस पाहिली ती, जिच्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला ती, ती नातही. कोणाची मान उजवीकडे, कोणाची डावीकडे. सगळे शहाण्यासारखे जेवत होते. वाढणाऱ्याने “भात?” म्हटलं की “हं” म्हणत होते. रंगरावांचे व्याही तेवढे मोठमोठ्याने बोलत होते. ते मंडईजवळून सकाळीच आले होते, पहिल्यांदाच. ताठ बसले होते. आणि रंगराव. ते वेगळे, ओट्यावर, एकटे जेवत होते. त्यांचीही मान ताठ होती.

मग इमारतींच्या फटीतून वारा आला.

पंगतीच्या त्या टोकाकडून डोकी वाकायला लागली. एकामागून एक, अगदी हळू, माझ्यापर्यंत. वारा गेला तशी पुन्हा वर आली. घास हातातच होते. कोणी थांबलं नाही, कोणी दचकलं नाही. पुन्हा वारा आला, पुन्हा वाकली. दुर्गाबाई, सुदर्शन, मधे साईच्या दोन वेण्या. सगळ्यांतून एकच सळसळ निघाली. व्याही बोलता बोलता गप्प झाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

मी जिन्यावरूनच ओरडले, “रंगराव! तुम्हाला माहीत होतं!”

रंगराव उठून ओट्याच्या कडेला आले, माझ्यापासून लांबच थांबले. चिडलेले नव्हते, हे मला जास्त वाईट वाटलं.

“मला काय म्हाईत असनार, म्याडम? घरातल्यानं हात लावायचा न्हाई, एवढंच म्हाईत. का, ते आमच्या बापालाबी कुनी सांगितलं न्हवतं. म्हनून तर तुम्हाला सांगितलं.”

“म्हणून मला?”

“तुम्ही भाड्यानं ऱ्हानारी मान्सं. आज हाय, उद्या न्हाई.” त्यांनी पंगतीकडे पाहिलं. दुर्गाबाई पुढ्यातला भात चिवडत होत्या. रंगरावांचा आवाज चिरकला. “हिला म्या हजारदा सांगितलं, वर जाऊ नको. ऐकंल तर शप्पत. म्हनायची, पोरीला हितं कुनी न्हाई.”

  मी वर जाऊन बॅग भरली.

८

आता मी हडपसरला राहते. प्रयोगशाळेच्या गोदामावर गच्चीला लागून एक खोली आहे, जुनी यंत्रं ठेवायची. मालकांना सांगितलं, घरी पटत नाही. पुण्यात हे कारण दिलं की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही, फक्त नजर बदलते. नमुने मी आता हाताळत नाही. अहवाल खोलीत बसून लिहिते, संगणकावरून पाठवते. डबा पोचवणारा डबा पायरीवर ठेवून जातो. माझी तब्येत उत्तम आहे. इतकी चांगली कधीच नव्हती, आणि तिचा मला राग येतो.

मी गेल्यावर हळूहळू सगळे सरळ झाले. दुर्गाबाईंनी फोन करून अर्धा तास शेजारणीची निंदा केली. मी फोन कानाशी धरून नुसती ऐकत राहिले. सुदर्शन भांडतो. “तू पळून गेली! पोरीला टाकून गेली!” म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं होतं, एकदा, फोनवर. तो म्हणाला, “नमू, तू कोणाला तरी दाखव.” त्याला काही आठवत नाही. गॅलरीतली खुर्ची नाही, पंगत नाही. त्याच्या लेखी सर्व्हायकलचा त्रास होता, तो गेला. आणि खरं सांगते, काही दिवस मलाही वाटतं की तोच बरोबर. काचेखाली काय दिसलं, किती दिसलं? सूक्ष्मदर्शकासमोर बसलेल्या बाईचं डोकं ठिकाणावर होतं, याची तपासणी कोणी केली? मग मी तळव्यावर पट्टी दाबते आणि खिडकीच्या उजेडात धरते. आता सूक्ष्मदर्शक लागत नाही. राखाडी लव नुसत्या डोळ्यांनी दिसते.

काल रविवार. दुपारी लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. दोघांची. एकाची जड आणि एकाची त्याहून जड, दाण दाण, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय एकत्र आपटत. साई जिना अशीच चढते. मी दाराला आतून कडी घातली.

“नमू, दार उघड,” सुदर्शन म्हणाला. “जेवली नाही पोर सकाळपासून. तिला भेट, मग काय करायचं ते कर.”

“घेऊन जा तिला.”

“अगं, आई आहे की कोण आहे तू?”

मी दाराच्या फळीला डोळा लावला. फटीतून तिचा एक कान दिसला, रबर निसटलेली वेणी दिसली, आणि मान. सरळ, ताठ, हट्टी मान. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी मागे झाले.

“आई,” साई म्हणाली, “मी आलीये. बाबा म्हणाला तू आत आहेस.”

मला वाटलं, एकदाच वाईट बोलावं, इतकं वाईट की ती पुन्हा येणार नाही. मोठ्या माणसाला असं बोलायला मला पुष्कळ शब्द आले असते. चार वर्षांच्या पोरीसाठी एकच सुचलं.

“साई, आई इथे नाही.”

 विचार करत असणार, विचार करताना ती ओठ आत ओढते. मग म्हणाली, “मग तू कोण आहेस?”

“चल, साई,” सुदर्शन म्हणाला.  “चल, बेटा. जाऊ आपण.”

ती गेली नाही. खाली बसल्याचा आवाज आला, फ्रॉक फरशीला घासल्याचा. दाराखाली बोटभर फट आहे. त्या फटीतून चार बोटं आत आली. नखांत चिखल होता, एका नखाला लाल रंग लावलेला. ती बोटं फरशीवर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, चाचपडत राहिली.

“आई, हात दे ना.”

मी भिंतीपर्यंत मागे सरकले, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर सगळा भार टाकून बसले. बोटं बराच वेळ तिथे होती.